पाणी तयार होईपर्यंत

२ फेब्रुवारी

लहानपणी आमच्या कॉन्व्हेंट शाळेत पाहुण्यांच्या खोलीत काचेचं एक गोल भांडं होतं आणि त्यात एक सोनेरी मासा. दर शनिवारी त्याचं पाणी बदलायचं काम ताईचं आणि माझं. ताई मासा एनॅमलच्या मगात घेऊन उभी राहायची आणि मी भांडं घासायची. मग कशावरून तरी मला हसू फुटायचं, तेही नेमकं सिस्टर येताना. बाहेर चपलांचा आवाज आला की ताई माझ्या मनगटावर दोन बोटांनी दोनदा टकटक करायची. म्हणजे, गप्प. पुढे आयुष्यभर तिने मला तसंच गप्प केलं, लग्नांत, दवाखान्यांत, प्रार्थनेत.

आज तिच्या घरात राहायला आले आणि पहिल्यांदा हेच आठवलं, कारण स्वयंपाकघरातल्या फळीवर तो एनॅमलचा मग आहे! शाळा सोडताना तिने तो मागून घेतला होता, हे मी विसरूनच गेले होते. कडेचा टवका तसाच.

ताईला जाऊन दोन महिने झाले. तिची मुलगी दुसऱ्या शहरात, नोकरी करणारी. तिला इथे राहणं शक्य नाही आणि मला माझ्या भाड्याच्या खोलीत करमत नव्हतं. मावशी, तू राहायला येतेस म्हणजे माझी झोप परत आली, असं ती म्हणाली. घर छोटंसं पण उजेडाचं आहे. दुसरा मजला, खाली बेकरी, सकाळी सगळा जिना पावाच्या वासाने भरतो. समोरच्या दारात एक शिलाईवाली राहते, तिच्या मशीनची घरघर ऐकू येते. मला तर सोबत झाल्यासारखं वाटलं.

आणि बैठकीत, ताईच्या खुर्चीला लागून, पलंगाएवढी माशांची टाकी. मासा मात्र एकच. पंजाएवढा, म्हातारपणाने सोनेरीचा सायीच्या रंगावर गेलेला. ओठ मुरडून वरून खाली असा बघतो की ताईने त्याचं नाव आमच्या मुख्याध्यापिकेवरून 'मदर' ठेवलं होतं. मी समोर उभी राहिले तर मदर हळूच वळली आणि तिने मला नखशिखान्त न्याहाळलं. मी नकळत साडीचा पदर नीट केला.

भाचीची मुलगी, आमची चिमणी, सहा वर्षांची. फोनवर तिने माझी चौकशी केलीच नाही, एकदम विचारलं की मदर जेवली का. आजी गेल्यापासून ती रोज मदरचंच विचारते म्हणे. मी तिला शब्द दिलाय की तू येशील तेव्हा मदर तुला अशीच दिसेल. ताईच्या हातचं जेवलेला, तिला ओळखणारा असा घरात आता तो एकच जीव उरलाय.

३ फेब्रुवारी

दिवसभर सफाई. ताई इतकी टापटिपीची, आणि टाकीची ही दशा! पाणी फिक्या चहासारखं, खड्यांवर तपकिरी साय, फिल्टरमधला स्पंज म्हणजे चिखलाचा गोळाच. मदरला बादलीत ठेवलं आणि कंबर कसली. खडे उकळले, काचा आतून घासल्या, स्पंज कढत पाण्याने पिळून पिळून पांढरा केला. चिखलातून एक लांब पांढरा केस निघाला. ताईचाच. बोटाला गुंडाळून क्षणभर बघत बसले. मग तोही मोरीतून गेला.

नळाचं ताजं पाणी भरलं. आता मधे काच आहे की नाही, कळत नाही. शिलाईवाली बघायला आली. अगदी दुकानातल्यासारखी दिसते, म्हणाली. जाताना दारात रेंगाळून म्हणाली, तुमच्या ताई रोज दुपारी या खुर्चीत बसून पाण्यात हात सोडायच्या, बरं वाटतं म्हणायच्या.

माझ्या ताईचं चित्र डोळ्यांसमोर उभं राहिलं.

६ फेब्रुवारी

मदर पाण्याच्या वर तोंड काढून आ वासते आहे. कल्ले लालभडक. कोपऱ्यावरच्या माशांच्या टाक्यांच्या दुकानातून टाकीवाल्याला बोलावून आणलं. त्याने पहिला प्रश्न केला, स्पंज धुतलात का? मी अभिमानाने सांगितलं, गरम पाण्याने. त्याने कपाळावर हात मारला. बाई, तुम्ही तर आख्खी वस्तीच धुऊन टाकलीत!

मग त्याने मला शाळेतल्या मुलीसारखं समोर बसवून शिकवलं. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया होतो. तो विषारी. स्पंजात आणि खड्यांवर राहणारे एका जातीचे जंतू तो खाऊन त्याचं नायट्राइट करतात. तेही विषारीच. मग दुसऱ्या जातीचे जंतू नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते त्या मानाने गरीब. थोडं थोडं पाणी बदललं की निघून जातं. हे जंतू बसायला आठवडे लागतात. नळातल्या क्लोरीनने मरतात, गरम पाण्याने मरतात, आणि घासणाऱ्या बायकांच्या हातून तर मरतातच. ती तपकिरी साय म्हणजे घाण नव्हती, ताईने वर्षानुवर्षं सांभाळलेलं बिऱ्हाड होतं.

जंतूंना आधी खायला हवं, म्हणून कोऱ्या टाकीत तो कोळंबीचा तुकडा टाकून ठेवतो म्हणे. काहीतरी कुजल्याशिवाय पाणी तयार होत नाही, असं म्हणत त्याने मला तपासणीच्या बाटल्या विकल्या. नळीत पाणी, वर थेंब. अमोनियाला पिवळा रंग चांगला, हिरवा वाईट.

आमचं पाणी हिरवंगार.

१० फेब्रुवारी

कंटाळा आला. नुसता कंटाळा. आदल्या दिवशी बादल्या भरून ठेवायच्या म्हणजे क्लोरीन उडतं, सकाळी टाकीतलं पाणी नळीने काढायचं, बादल्या उचलून ओतायच्या. कंबर गेली. दुपारी थेंब टाकले की हिरवं. उद्या परत तेच, परत हिरवं.

टाकीवाल्याने जंतूंची बाटली दिली, ओतली. हिरवं. तो म्हणाला खाणं कमी करा, बंदच केलं. हिरवं. मग म्हणे तुम्ही पाणी फार बदलता. परवा हाच म्हणत होता, कमी बदलता! मी त्याला सुनावलं की एक काय ते ठरव. तो म्हणाला, बाई, मासा पाळायचा म्हणजे धीर पाहिजे. मी बत्तीस वर्षं शाळेचं ग्रंथालय सांभाळलं, मला धीर शिकवतोय.

भाचीला फोन केला तर ती ऑफिसच्या घाईत. मावशी, मासाच आहे तो, घरातला माणूस नाही, इतकं मनाला लावून घेऊ नकोस. पण मागून चिमणी ओरडत होती की मदरला माझा पापा दे. आता सांगा, मनाला लावून घेऊ नको तर काय करू?

१३ फेब्रुवारी

मदरला कपड्यांच्या टबात हलवलं. साधं, आदल्या दिवशी भरून ठेवलेलं पाणी, रोज अर्धं बदलते. संध्याकाळपर्यंत तिचे कल्ले निवळले, ओठ पुन्हा पहिल्यासारखे मुरडले. तिने मला माफ केलेलं नाही, पण जगेल. टबातलं पाणी तपासलं, पिवळं.

नळाचं तपासलं, पिवळं.

मग सहज म्हणून टाकीतलं. टाकी रिकामी आहे. मासा नाही, खाणं नाही, खडेसुद्धा काढून गच्चीवर वाळत घातलेत. नुसतं पाणी, धुतलेला फिल्टर आणि काच.

कालच्यापेक्षा गडद हिरवं.

टाकीवाला म्हणतो, आत काहीतरी मरून पडलं असेल. मी म्हटलं, कुठे? काचेच्या पेटीत लपायला जागा तरी आहे का? तो डोकं खाजवत म्हणाला की मेलेल्याचा अमोनिया चढतो आणि उतरतो. रोज चढतो तो जिवंताचा.

१६ फेब्रुवारी

आज वैतागून टाकीचा तळ हाताने चाचपला, कोपऱ्याकोपऱ्यातून. काही नाही. पण हात बाहेर काढवेना. ताईच्या खुर्चीत बसून कोपरापर्यंत हात सोडला आणि दुपार कधी सरली कळलंच नाही. पाणी आधी गार, मग कोमट, मग ते आहे असं वाटतच नाही. कंबरदुखीसुद्धा विसरले.

उठून सवयीने थेंब टाकले. पिवळ्याकडे झुकलेला हिरवा!

टाकीवाल्याची बाटली लागू पडली म्हणायची. उगाच बोलले त्याला.

१९ फेब्रुवारी

अमोनिया पिवळा. नायट्राइटच्या नळीत जांभळा रंग आला होता, आज तोही फिका निळा. नायट्रेट किंचित केशरी. अगदी त्याने शिकवलं होतं त्याच क्रमाने! आठवड्यांचं काम तीन दुपारींत. टाकीवाल्याचा विश्वास बसेना. त्याने स्वतः थेंब टाकले, नळी उजेडात धरली आणि पुटपुटला, खायला काय घातलंत?

काही नाही, म्हटलं. रोज दुपारी हात घालून बसते, एवढंच.

मदरला परत टाकीत सोडलं. चिमणीला फोनवर दाखवणार होते, पण फोन माझा अंगठाच ओळखेना. पुसला, वाळवला, तरी नाही. शेवटी आकडे दाबून उघडला. पाण्यात राहून बोटं सुरकुतली असतील.

२१ फेब्रुवारी

सुरकुतलेली नाहीत. उलट. गुळगुळीत आहेत. चष्मा लावून बघितलं, उजव्या हाताच्या बोटांवर रेषाच नाहीत. कागदासारखी कोरी. नखं पातळ झालीत, दाबलं की वाकतात. दुखत मात्र काही नाही.

शिलाईवालीकडे लांब बाह्यांचा ब्लाउज शिवायला टाकायला गेले. तिने टेपने मनगट मापलं आणि थबकली. मग मशीनकडे बघत म्हणाली, तुमच्या ताईंचंही असंच सुरू झालं होतं. शेवटी शेवटी त्या कुणाला हात दाखवत नव्हत्या, उन्हाळ्यातसुद्धा हातमोजे. मीच शिवून दिले. दर वेळी माप लहान.

मी विचारलं, हे आधी का नाही सांगितलं? ती म्हणाली, तुम्ही सगळं घासून लख्ख केलंत ना, मला वाटलं संपलं असेल.



२३ फेब्रुवारी

मदर फिल्टरच्या कोपऱ्याकडे जात नाही. दिवसभर या टोकाला काचेला तोंड लावून आहे. खाणं त्या बाजूला टाकलं तर उपाशी राहते. मी समजत होते की टाकी तिची आहे. ती तर त्यात कोंडलेली आहे.

काचेवर हिरवट शेवाळ्याचा पातळ थर धरलाय. त्या कोपऱ्यात त्यावर पंजाचा ठसा. बोटं पाच. रेषा नाहीत. माझाच असेल म्हणून बाहेरून हात लावून बघितला.

बाहेरून माझा उजवा तळवा त्याला जुळतो, म्हणजे आतून टेकलेला हात डावा. मी डावा हात कधी घातलेला नाही.

२४ फेब्रुवारी

आज घालणार नव्हते. पण घातला. मदरसाठी, असं स्वतःला सांगितलं.

खाली बेकरीत कुणीतरी मोठ्याने शिंकलं आणि मला हसू फुटलं, तसंच, पूर्वीसारखं, एकटीलाच. आणि पाण्यात, माझ्या मनगटावर —

दोनदा. दोन बोटांनी.

मी रडले. भीतीने नाही. किती वर्षांनी मला कुणी गप्प केलं.

२५ फेब्रुवारी

दिवसा डोक्यात उजेड पडतो. टकटक करणारी ती ताई कशी असेल? ताई गेली, मी स्वतः तिच्याजवळ होते. हात मोज्यांत होते तिचे. मी मोजे काढू दिले नाहीत भाचीला, झाकलेलंच राहू दे म्हटलं.

टाकीत जे काही आहे त्याला ताईने वर्षानुवर्षं हात दिला. हातातलं सगळं दिलं. टकटकसुद्धा तिच्या बोटांतूनच शिकलं असणार ते. मी आले आणि ते गरम पाण्याने धुऊन टाकलं, पण सगळं गेलं नाही. आता पुन्हा पहिल्यापासून तयार होतंय. माझ्यावर.

आज हात घातला नाही.

२६ फेब्रुवारी

अमोनिया गडद हिरवा. घरभर उग्र वास, डोळ्यांतून पाणी. मदर आडवी पडायला लागली तशी उचलून टबात टाकली. टबातल्या पाण्याचा रंगही सकाळी पिवळा होता, दुपारी हिरवा. टब तर वेगळा आहे! नळ वेगळा, बादली वेगळी. मग कसं? कुणाला विचारू?

मदरला मगात घालून शिलाईवालीकडे नेऊन ठेवलं. तिच्या घरचं पाणी, तिच्या घरची बादली. तिथे ती सरळ झाली.

टाकीवाल्याला म्हटलं, आत्ताच्या आत्ता ही टाकी उचल, फुकट घेऊन जा. तो बडबडतच आला, बाई मी म्हटलंच होतं तुम्हाला धीर नाही. बाही सरसावून फिल्टर काढायला पाण्यात हात घातला.

बोलता बोलता थांबला. हात झटकन बाहेर. मनगट छातीशी धरलं. हत्यारांची पिशवी इथेच टाकून जिना उतरून गेला. फोन उचलत नाही. दुकान बंद आहे.

२७ फेब्रुवारी

भाचीचा फोन. रविवारी येताहेत, दोघी. चिमणीला शाळेत हवाय म्हणे आजीच्या माशाचा निबंध. मी म्हटलं येऊ नका, इथे वास येतो, पाणी खराब आहे, मला बरं नाही. ती चिरडीला आली. मावशी, आधी तूच म्हणालीस ये, आता नको म्हणतेस. तुला बरं नसेल तर उलट यायलाच हवं.

मग चिमणीने फोन घेतला आणि कुजबुजून सांगितलं की तिला गुपित माहीत आहे. आजीने मागच्या सुट्टीत तिला दाखवलं होतं, स्टुलावर उभं करून. नुसतं एक बोट बुडवायचं. आत कुणीतरी टकटक करतं.

ताई. ताई, हे तू काय —

२८ फेब्रुवारी

नळीने टाकी उपसली. मोरी भरली, टाकी नाही उतरली. हातोडी उचलली. उजव्या हातात धरता येत नाही, बोटं वाकतात, मेणासारखी. डाव्याने मारली. काचेला ओरखडाही नाही.

डावीकडून टकटक. आतून. मी हातोडी टाकली. मी खाली बसले. मला काय झालं कुणास ठाऊक, मी म्हटलं, हो, गप्प बसते.

वास सहन होत नाही. रविवारपर्यंत पाणी असं राहिलं तर आतलं ते चिमणीची वाट बघेल. भुकेलं असेल. भरपूर मिळालं, एकदम, तर कदाचित वर्षानुवर्षं कुणाला मागणार नाही. ताईने थोडं थोडं दिलं, तिथेच चुकलं.

१ मार्च

डाव्या हाताने लिहितेय. अक्षराला सिस्टरांनी छडी मारली असती. उजवा पाण्यात आहे. खांद्यापर्यंत. दुखत नाही.

रंग बघितला. पिवळा. वास गेला. खालून पावाचा वास येतोय.

भाचीसाठी — ताईचं घड्याळ, कपाटातली माझी निळी शाल. रागावू नकोस गं.

शिलाईवालीला — मदर. कायमची. तिला या घरात परत आणू नये. ब्लाउज आता लागणार नाही.

टाकीवाल्याला — त्याची हत्यारं. तपासणीच्या बाटल्याही. त्याला सांगावं, पाणी तयार झालं.

चिमणीला — एनॅमलचा मग. निबंध लिहायला मदरला शेजारी जाऊन बघावं. पोरीला या खोलीत आणू नये. तिला उचलून धरा, दारातून आत सोडू नका.

टाकी कुणालाही नाही. माणसं बोलवा, घण आणा, फोडा. पाणी मोरीत नाही, उन्हात, मातीत —

थांब.

दोनदा.

नाही. टाकी फोडू नका. इतकं छान पाणी आहे, नितळ. टाकी चिमणीला. खुर्चीवरून तिचा हात पोहोचणार नाही, स्वयंपाकघरातलं स्टूल द्यावं. पहिल्यांदा गार वाटेल, तिला म्हणावं हात काढू नकोस, मग कोमट होतं, मग कुणीतरी आपल्या मनगटावर —